दुकानाने सॉसेज ‘फेकलं’ म्हणजे काय केलं?

प्रश्न असा : सोव्हिएत काळातल्या मॉस्कोवरच्या एका अनुवादात ‘कोपऱ्यावरच्या दुकानाने सॉसेज फेकलं आणि बायका धावत सुटल्या’ असं वाक्य आहे. फेकलेल्या मालासाठी धावाधाव कशाला?

फेकलं नव्हतं हो, विक्रीला काढलं होतं! मूळ रशियनमध्ये ‘विब्रसिली’ असणार. त्याचा कोशातला पहिला अर्थ ‘फेकून दिलं’ हाच आणि अनुवादक तिथेच थांबला. पण टंचाईची वस्तू दुकानात अचानक विक्रीला आली, की शहरातली माणसं ‘विब्रसिली’ म्हणत. क्रियापद अनेकवचनी, कर्ता गायब. तसंच ‘दायूत’. रांग दिसली की आधी ‘शेवटचं कोण?’ विचारून जागा धरायची, मग ‘श्तो दायूत?’ म्हणजे ‘काय देताहेत?’. रोख पैसे मोजायचे, तरी ‘विकताहेत’ नाही, ‘देताहेत’!

याचं मूळ भावात आहे. भाव सरकारी आणि वर्षानुवर्षं न हलणारे. ‘डॉक्टरस्काया’ सॉसेज किलोला २ रूबल २० कोपेक, हे लोकांना पाठच होतं. खिशात पैसे असत, फळीवर माल नसे. त्यामुळे ‘कुपीत’ (विकत घेणं) मागे पडलं आणि ‘दस्तात’ पुढे आलं. हात लांबवून एखादी वस्तू गाठणं, हा त्याचा मूळ अर्थ. बूट ‘कुठे घेतलेस?’ नव्हे, ‘कुठे पैदा केलेस?’. राजधानीत माल त्यातल्या त्यात बरा यायचा, म्हणून आसपासच्या शहरांतले लोक खरेदीला तिथे जात. त्यावरचा उखाणाही होता : लांब, हिरवं, सॉसेजचा वास येणारं काय? मॉस्कोहून तुलाला जाणारी गाडी. (तुला हे शहर आहे, सर्वनाम नव्हे.)

खिशात घडी करून ठेवायची जाळीची पिशवी म्हणजे ‘अवोस्का’. ‘अवोस’ म्हणजे ‘न जाणो, मिळालंच तर’. मला हा शब्द सगळ्यांत आवडतो.

आता मराठी. ‘रॉकेल आलंय’च्या चालीवर ‘सॉसेज आलंय’ चालेल, पण आतून कोणीतरी बाहेर सारल्याची छटा त्यात नाही. ‘सॉसेज काढलंय’मध्ये ती आहे, कर्ताही आपोआप लपतो. नळाला ‘पाणी सोडलं’ म्हणतो, तेव्हा कोणी सोडलं ते आपण तरी कुठे सांगतो? मात्र त्या चालीवर ‘सॉसेज सोडलं’ लिहू नका, वाचकाला वाटेल मंडळी शाकाहारी झाली.