रोज सकाळी साडेनऊला कंपनीची वेबसाइट ५०४ देते, रीस्टार्ट केलं की चालते. रॅम वाढवू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्पॅचची वेबसाइट क्लाउडवरच्या एकाच सर्व्हरवर आहे, उबुंटू, समोर पानं देणारा एनजिनएक्स, कोड चालवणारं पीएचपी आणि डेटाबेस मायएसक्यूएल. रोज साडेनऊच्या सुमारास आधी लॉगिन अडकतं, मग ५०४ येतो (आतून वेळेत उत्तर आलं नाही), मग ५०२ (आतून धड उत्तरच मिळालं नाही). रीस्टार्ट मारला की दिवसभर सुरळीत. डेव्हलपर म्हणतो सर्व्हर कमी पडतोय, होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ओके आहे, आणि साहेब म्हणतात रॅम दुप्पट करून टाका.

रॅमचं बिल वाढवायच्या आधी एक वजाबाकी करा. साडेनऊतून साडेपाच तास काढले की चार उरतात. क्लाउडवर घेतलेला सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. म्हणजे तुमच्याकडे पहिला चहा फिरतो तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात पहाटेचे बरोब्बर चार वाजलेले असतात. आणि पहाटे चारला सर्व्हरवर काय लावून ठेवतात हे कुठल्याही सिस्टिमवाल्याला विचारा. बॅकअप!

तुमचा सर्व्हर मी पाहिलेला नाही, पण पैज लावायची वेळ आली तर यावरच लावीन, कारण हाच मार मी खाल्लाय. भोसरी एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मी आयटी बघायचो. आयटी म्हणजे सर्व्हरपासून प्रिंटरच्या टोनरपर्यंत सगळं. जुना सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता, तो बंद करून सगळं क्लाउडवर हलवलं आणि पुढच्याच आठवड्यापासून हा खेळ सुरू झाला. साडेनऊला स्टोअरवाले लॉगिन करायला बसले की नुसती चकरी फिरत राहायची. गेटवर टेम्पो भरून उभा, चलन निघत नाही, आणि डिस्पॅचच्या काकांचा फोन, "साहेब, तुमचं ते परत झोपलं." मी रीस्टार्ट मारायचो, दोन मिनिटांत चालू. काका खूश, मीही खूश. सांगायला लाज वाटते, पण असे तीन आठवडे काढले.

मलाही वाटलं होतं की सगळे एकदम लॉगिन करतात म्हणून ताण येत असेल. पण रीस्टार्टनंतर तीच चाळीस माणसं परत एकदम लॉगिन करायची, तीही आधीपेक्षा जास्त घाईने, आणि तेव्हा काहीच व्हायचं नाही. हे तेव्हा सुचलं नाही. रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं थांबून आत डोकावलोच नव्हतो ना. पंचनामा व्हायच्या आधीच मी रोज जागा धुऊन काढत होतो.

शेवटी एका सकाळी काकांना म्हटलं, "पाच मिनिटं द्या, टेम्पोवाल्याला चहा पाजा," आणि एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) सर्व्हरच्या आत शिरलो. टॉप (सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावलं तर सीपीयू नव्वद टक्क्यांच्या वर रिकामा आणि निम्मी रॅम मोकळी. तरी साइट ठप्प. रॅमचा विषय तिथेच संपला. कामाने दमलेला सर्व्हर असा दिसत नाही, हा कुणाची तरी वाट बघत बसला होता. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत झोपलेल्या प्रोसेस लोड अ‍ॅव्हरेजमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या ताणाच्या आकड्यात, धरल्याच जात नाहीत, म्हणून होस्टिंगवाल्यांच्या ग्राफवर सगळं हिरवंगार दिसतं. ते खोटं बोलत नाहीयेत.

मग मायएसक्यूएलमध्ये 'शो फुल प्रोसेसलिस्ट' दिलं, म्हणजे डेटाबेसमध्ये आत्ता काय काय चाललंय ती यादी मागितली. पाच ओळी एकसारख्या होत्या: यूझरच्या टेबलावर अपडेट, शेवटच्या लॉगिनची वेळ लिहिण्यासाठी, आणि पुढे स्थिती 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक', म्हणजे टेबलाचं कुलूप सुटायची वाट. त्यांच्या वर एकच निराळी ओळ, चलनांच्या सगळ्यात मोठ्या टेबलावर सिलेक्ट, दोनशेहून जास्त सेकंद चाललेलं, आणि त्यात 'एसक्यूएल_नो_कॅश' अशी टीप. ही टीप दिसली की समजायचं, हे मायएसक्यूएलडंप, म्हणजे डेटाबेसचा बॅकअप काढणारं साधन, आहे. त्याची सहीच म्हणा ना.

आता हे अडकतं कसं ते बघा. मायएसक्यूएलडंपला काही सांगितलं नाही तर तो डेटाबेसची सगळी टेबलं आधी कुलूपबंद करतो आणि मग निवांत एकेक उतरवून घेतो. तोवर वाचता येतं, पण लिहायला गेलेला माणूस दारात उभा राहतो. लॉगिन म्हणजे आपल्याला नुसतं वाचणं वाटतं, पण आमच्याकडे (बहुतेक तुमच्याकडेही) प्रत्येक लॉगिनला एक वेळ लिहिली जाते. पीएचपी-एफपीएम म्हणजे पीएचपीचे कामगार सांभाळणारा प्रोग्रॅम. त्याची 'मॅक्स चिल्ड्रन' (एका वेळी जास्तीत जास्त किती कामगार) ही सेटिंग मुळात ५ असते आणि ती कुणी बदललेली नव्हती. पाच जण लॉगिनला अडकले की पाचही कामगार गुंतले, मग साधं पान उघडायलाही कुणी मोकळा नाही. एनजिनएक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे ६० सेकंद वाट बघतो आणि ५०४ देऊन मोकळा होतो. लोक एफ५ बडवत राहतात, काही स्क्रीन आपोआप दर काही सेकंदांनी विचारत राहतात, रांग वाढत जाते. रांगेतही जागा उरली नाही की ५०२. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये हे दोन्ही वेगळे दिसतात: आधी ११० नंबरचा 'कनेक्शन टाइम्ड आउट', मग ११ नंबरचा 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'. लॉग बघताना साडेनऊ शोधत बसू नका, तिथे चारची वेळ असेल. मी सुरुवातीला ०९:३० शोधत होतो आणि लॉग साफ दिसतोय म्हणून डेव्हलपरशी भांडत होतो.

एफपीएमच्या लॉगमध्ये याच वेळी 'मॅक्स चिल्ड्रन वाढवायचा विचार करा' असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका, निदान आज तरी नाही. पाचाचे पन्नास केलेत तर पाचाऐवजी पन्नास जण त्याच कुलपासमोर उभे राहतील.

रीस्टार्टने बरं का वाटतं हेही आता कळलं असेल. सर्व्हर बंद होताना डंप मरतो आणि कुलूप सुटतं. रोगी बरा होत नाही, त्या दिवसाचा बॅकअप तेवढा मरतो.

आता बॅकअपची ती चारची ओळ कुणी लावली होती? मीच. जुन्या सर्व्हरचं घड्याळ आपल्या वेळेवर होतं, तिथे बॅकअप पहाटे चारला निघायचा आणि अर्ध्या तासात संपायचा, कुणाला पत्ताही लागायचा नाही. हलवताना क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) जशीच्या तशी उचलून नव्या सर्व्हरवर टाकली. वेबसाइटवर मात्र वेळ बरोबर दिसत होती, कारण पीएचपीच्या सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता लिहिलेलं होतं. त्यामुळे सर्व्हर यूटीसीवर आहे अशी शंकाच आली नाही.

तर उद्या नऊ पंचविसाला एसएसएच उघडून बसा. साइट अडकली की आधी टॉप, मग प्रोसेसलिस्ट, दोन्हींचं आउटपुट फाइलमध्ये ठेवा आणि मगच हवं तर रीस्टार्ट करा. खरं तर रीस्टार्टचीही गरज नाही, प्रोसेसलिस्टमधल्या डंपच्या ओळीचा नंबर घेऊन तेवढा 'किल' केला तरी सगळं सुटतं. आजच्या आज बघायचं तर 'टाइमडेटसीटीएल' देऊन टाइमझोन बघा, मग क्रॉनटॅब, रूटची आणि वेबसाइटच्या यूझरचीही. तिथे नसेल तर इटीसी फोल्डरमधली क्रॉन-डी आणि सिस्टिमडीचे टायमर, ठरल्या वेळेची कामं तिथेही लावता येतात. होस्टिंगच्या पॅनेलमधूनही बॅकअप लावता येतो, तो क्रॉनटॅबमध्ये दिसेलच असं नाही.

दुरुस्ती करताना सर्व्हरचा टाइमझोन बदलायचा मोह होईल. मी तो टाळीन. तुमचं अ‍ॅप्लिकेशन मायएसक्यूएलच्या 'नाऊ' (आत्ताची वेळ) वर वेळा लिहीत असेल तर मायएसक्यूएल पुढच्या वेळी सुरू झाल्यावर नव्या नोंदी साडेपाच तास पुढे सरकतील आणि अकाउंट्सवाले तुम्हाला शोधत येतील. क्रॉनची ओळच हलवा: आपले पहाटेचे चार म्हणजे यूटीसीचे आदल्या रात्रीचे २२:३०. कुणी टाइमझोन बदललाच तर क्रॉन सर्व्हिसही रीस्टार्ट करावी लागते, नाहीतर ती जुन्याच घड्याळावर चालत राहते.

आणि डंपच्या कमांडमध्ये 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय घाला. मग तो टेबलांना कुलूप न लावता, सुरू झाला त्या क्षणाचं चित्र उतरवून घेतो आणि लोक लिहीत राहिले तरी अडत नाही. अट एकच, टेबलं इनोडीबी प्रकारची हवीत. मायएसक्यूएल ५.५ पासून नवीन टेबल मुळातच इनोडीबीचं बनतं, पण जुन्या काळापासून ओढत आणलेल्या डेटाबेसमध्ये दोन-चार मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं दबा धरून बसलेली असतात. आमच्याकडे गेटपासचं टेबल तसं निघालं.

प्रोसेसलिस्टमध्ये असं काहीच दिसलं नाही तर माझी पैज बुडाली. मग डिस्क बघा (जागा आणि आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींचे खण, दोन्ही; सेशनच्या लाखभर बारीक फाइली साचल्या तर जागा असूनही आयनोड संपतात) आणि डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या संदेशांत) 'आउट ऑफ मेमरी' शोधा. ते सापडलं तर साहेब बरोबर, रॅम घ्या. आउटपुट इथे टाकलंत तर बघतो, फक्त ग्राहकांची नावं आणि पासवर्ड झाकून टाका.

एक काम मात्र उद्यावर ढकलू नका. बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक फाइलची शेवटची ओळ बघा. डंप पूर्ण झाला असेल तर तिथे 'डंप कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख असते. मी बघितलं तेव्हा तीन आठवड्यांच्या फाइलींपैकी फक्त तीन पुऱ्या निघाल्या. तिन्ही गुरुवारच्या. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी रीस्टार्ट मारायला मी नसायचो.