रात्रीमागे बाराशे : भूतान परवडतं का?

प्रश्न : भूतानने पर्यटकांची फी निम्मी केली, मग भारतीयांना रात्रीमागे १,२०० रुपये कसे? आम्ही नवरा-बायको, मुलं ८ आणि ४ वर्षांची. पाच रात्रींचा बेत आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : निम्मी झाली ती डॉलरमधली, म्हणजे इतर देशांच्या पाहुण्यांची फी. माणशी, रात्रीमागे घेतलं जाणारं शाश्वत विकास शुल्क, म्हणजे एसडीएफ, सप्टेंबर २०२२ मध्ये ६५ डॉलरवरून थेट २०० झालं. पूर्वीचे ६५ डॉलर हॉटेल, जेवण, गाडी, गाइड धरून ठरलेल्या २००-२५० डॉलरच्या किमान पॅकेजमध्येच असत; वाढीनंतर नुसतं शुल्कच २०० आणि बाकीचा खर्च वेगळा झाला. १ सप्टेंबर २०२३ पासून चार वर्षांसाठी ते १०० वर आणलं. भारतीयांना जुलै २०२० पर्यंत काहीच नव्हतं, त्यानंतरचे १,२०० तसेच आहेत.

तुमचा आकडा : मोठ्यांचे १२,०००, आठ वर्षांच्या मुलाचे निम्म्या दराने ३,०००, चार वर्षांच्याला माफ. एकूण १५,०००. हे परवान्याच्या ऑनलाइन अर्जाबरोबरच भरायचे. मोठ्यांना मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, मुलांना पासपोर्ट किंवा जन्मदाखला. आधार कार्डावर काम होत नाही, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात. रस्त्याने जात असाल तर पहिला मुक्काम जयगावात, सीमेच्या अलीकडे करा आणि सकाळी पलीकडे भूतानच्या फुन्शोलिंगला जा. एक रात्र, म्हणजे तुमचे ३,००० वाचतात. उरलेलं नगुलत्रुम, म्हणजे भूतानचं चलन, परतताना तिथेच संपवा. रुपयाच्या बरोबरीचं असलं तरी सीमाभाग सोडला की भारतात ते कुणी घेत नाही.

प्रश्न : फी कमी केली की पर्यटन आपोआप वाढतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आमच्या मते रकमेपेक्षा रात्रीचा हिशेब जास्त नडतो. थिंफू-पारो तीन-चार रात्रींत उरकतं. तिथून पूर्वेकडे बुमथांगला जायचं तर घाटरस्त्याने जाण्यायेण्याचे दोन दिवस जातात, म्हणजे चार रात्री तरी वाढवाव्या लागतात. डॉलरवाल्या जोडप्याला त्यासाठी हॉटेलचं भाडं देण्याआधीच ८०० डॉलर जादा, आपल्याकडच्या जोडप्याला ९,६००. साहजिकच पाहुणा रात्री छाटतो आणि फटका बसतो तो पूर्वेकडच्या होमस्टेला, पारोच्या हॉटेलला नाही. सरकारला हे दिसत होतं. म्हणूनच २०२३ च्या मध्यात डॉलर भरणाऱ्यांसाठी चार रात्रींच्या पैशांत आठ, सातच्या पैशांत चौदा, बाराच्या पैशांत तीस अशी सवलत आली. आमच्या हिशेबी सरसकट कपातीपेक्षा हीच जास्त शहाणपणाची होती, कारण स्वस्त झाल्या त्या पुढच्या रात्री. पण काही महिन्यांतच शुल्क निम्मं झालं आणि ती मागे पडली. भारतीयांना अशी सवलत दिली असती तर बुमथांगला मराठी बोलणं सर्रास कानावर आलं असतं!

प्रश्न : स्वतःची कार नेली तर स्वस्त पडेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. भारतीय गाडीला दिवसाला ४,५०० शुल्क आहे, सहा दिवसांचे २७,०००. गाडी जयगावात ठेवा, पुढे भूतानी टॅक्सी ठरवा. थिंफू-पारोच्या बाहेर जाणार असाल तर गाइडचा खर्चही धरा आणि टॅक्सी ठरवतानाच तो विचारून घ्या.