पणजोबांची ‘रोहना’ पाणबुडीने फोडली का?

प्रश्न : माझे पणजोबा बी.आय. (ब्रिटिश इंडिया) या जहाज कंपनीच्या ‘रोहना’ बोटीवर आगवाले (बॉयलरच्या भट्टीवर काम करणारे) होते. 1943च्या दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं नाही. पाणबुडीने बोट फोडली, असं आजी सांगायची. खरं काय? त्यांचं नाव कुठे सापडेल?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : पाणबुडी नव्हे, विमान. पण आजीला दोष नको. त्या काळी आमच्याकडेही बोट बुडाली म्हणजे पाणबुडीच, असंच धरून चालत. शिवाय खरी हकीकत सरकारांनी कित्येक वर्षं दाबूनच ठेवली होती.

‘रोहना’ 1926ची, इंग्लंडात टाइन नदीवर बांधलेली. तिची जोडीदार ‘राजुला’. मद्रास-सिंगापूर फेरीवरची ही ‘राजुला’ मी 1971 साली मद्रास बंदरात पाहिली. डेकवर माणसं, ट्रंका, कोंबड्यांच्या पाट्या! शांततेच्या काळात ‘रोहना’चंही कामकाज असंच. 1940मध्ये तिला लष्कराने घेतलं आणि त्याच डेकवर शिपाई चढले.

26 नोव्हेंबर 1943. काफिला सुएझकडे निघालेला, बोटीवर सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक, जायचं होतं हिंदुस्थानात. अल्जीरियाच्या किनाऱ्यासमोर संध्याकाळी पाचच्या सुमारास जर्मन हाइंकेल विमानाने पंखवाला बॉम्ब सोडला. विमानातला माणूस तो रेडिओने वळवत होता. बॉम्ब थेट इंजिनरूमपाशी शिरला.

आता मन घट्ट करून वाचा. बोटीवर चार ते आठ असा पहारा, म्हणजे कामाची पाळी, असतो. पणजोबा त्या पहाऱ्यावर असतील तर भट्टीसमोरच असणार. मी स्वतः बावीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. तिथून वर यायला शिड्या चढाव्या लागतात, त्याही तेलकट. नसतील पहाऱ्यावर, तर वर खवळलेला समुद्र होता, आणि होड्या नीट खाली उतरत नव्हत्या. एक हजारांवर अमेरिकन गेले. बोटीवरचे बहुतेक कामगार हिंदी, त्यांतलेही शंभरावर गेले. वाचलेल्या काही गोऱ्यांनी पुढे ‘खलाशी होड्या घेऊन पळाले’ असा ठपका ठेवला. निम्म्याहून जास्त माणसं मेलेल्या ताफ्याबद्दल असं बोलतात!

नावाचं म्हणाल, तर ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’च्या यादीत आधी बोटीचं नाव टाका, पणजोबांचं नंतर. नावं साहेबाने कानाने ऐकून लिहिलेली, त्यामुळे स्पेलिंग चारपाच तऱ्हांनी करून पाहा. आडनाव बहुधा मिळणारच नाही. हुद्दा आगवाला असा दिसला नाही तरी घाबरू नका, ‘इंडियन सीमन’ एवढंच असेल. समुद्रात गेलेल्यांची नोंदवही मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात ठेवलेली आहे.

घरातल्या पत्र्याच्या पेटीत त्यांची नली (खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका, हल्लीची सीडीसी) असेल तर आधी ती बघा. तिच्यावरचा नंबर नावापेक्षा भरवशाचा. आणि ती लॅमिनेट मात्र करू नका, कागद कुजतो.