थकल्या पायांनी शर्यतीत उतरा हवं तर, पण शुक्रवारी फळ्यांवरून उड्या मारू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मागच्या रविवारी जांबोटीवरून चोर्ला घाट, मंगळवारी सुतगट्टीचा घाट, कालपासून मांड्या भरलेल्या, येत्या रविवारी आयुष्यातली पहिली सायक्लोक्रॉस (शेतामातीतली सायकल शर्यत, वाटेत आडव्या फळ्या, तिथे उतरून सायकल उचलून पळत ओलांडायच्या), आणि प्रश्न असा की उरलेल्या दिवसांत सायकलवरून उतरायचा-चढायचा सराव उरकून घेऊ का. सहा वर्षांपूर्वी मी नेमका इथेच अडकलो होतो. तेव्हा मला कोणी अडवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

सराव करू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही, कोच नाही. बेळगावला उद्यमबागेत मशीनवर काम करतो आणि पंधरा वर्षं सायकल चालवतो, एवढ्याच जोरावर बोलतोय. प्रत्येकाचं शरीर वेगळं, हे धरून वाचा.

माझं काय झालं ते सांगतो. शर्यत खानापूर रोडच्या बाजूला, भात कापून झालेल्या शेतात होती. माझे पाय घाटांनी दमलेले होतेच, पण ते दमणं साधं होतं. पोटभर भात खाऊन, दोन रात्री नीट झोपून उतरलं असतं. मला भीती होती फळ्यांची. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटलो तो सरळ येळ्ळूरच्या बाजूला गेलो. बांधावर दोन वासे आडवे टाकले, सायकल उचलून उडी, पलीकडे धाव, परत बसायचं. चाळीसेक वेळा केलं. मग सायकल खांद्यावर घेऊन उतारावरून पळत खाली, चालत वर, असं दहा वेळा. घरी आलो तेव्हा पाय हलके वाटत होते. फार खूश होतो मी. शनिवारी सकाळी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं, आणि रविवारी त्याहून वाईट.

हे का होतं ते समजून घ्या. पॅडल मारताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उडी मारून जमिनीवर आलात किंवा उतारावर पळालात की तोच स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, आणि सवय नसेल तर त्यात बारीक बारीक इजा होते. ते दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. शुक्रवारी उड्या मारल्या तर कळस रविवारीच गाठला जाणार. आपण वर्षाला हजारो किलोमीटर सायकल हाणतो, पण पळत कोणीच नाही, म्हणून हा फटका सायकलवाल्यालाच जास्त बसतो. आणि दोन दिवसांत कमवायचं काही नसतंच, अंगात काही मुरायला आठवडा-दीड आठवडा तरी लागतो.

शनिवारची गोष्ट मनात अजून सलते म्हणून सांगतो. शर्यतीसाठी वैद्यकीय दाखला हवा होता, त्यावर एका कार्यालयाचा शिक्का. नाव घेत नाही. अर्ज मराठीत का भरला म्हणून खिडकीवरून परत दिला, दुसऱ्या खिडकीला पाठवलं, तिथे जेवणाची सुट्टी. साडेतीन तास त्याच दुखऱ्या पायांवर उभा होतो. आपल्या भागात राहणाऱ्याला हे नवीन नाही, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी कागदासाठी रांगेत उभं राहू नका. कागद राहिले असतील तर उद्याच करा, जमलं तर घरच्या कोणाला पाठवा.

रविवारी तिसऱ्या फेरीत फळी ओलांडताना मागचा पाय वर आलाच नाही. चाळीस सेंटीमीटरची फळी, गुडघ्याच्याही खाली. बुटाचं टोक अडकलं आणि उजव्या हातावर पडलो. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, मुरगळलंय म्हणाले. अंगठ्याच्या बुडाशी दुखत राहिलं. बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा मनगटातलं लहान हाड मोडलेलं निघालं. आठ आठवडे प्लास्टर, आणि मशीनवरच्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे पगार गेला. दिवाळीनंतरचा सगळा मोसम घरात बसून काढला. असं पडलात आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर दुखत असेल, तर एका फोटोवर समाधान मानू नका. दहा-चौदा दिवसांनी परत दाखवा.

आता तुमचं. उद्या काहीच नको. शनिवारी सकाळी अर्धा तास हलकी सायकल, त्यात तीन-चार वेळा वीस-तीस सेकंद जोर, बस्स. फळ्यांची फारच धाकधूक वाटत असेल तर चालत चालत, उडी न मारता, पाच-सहा वेळा उतरून बघा. खाण्यात भात वाढवा, तिखट रस्सा आणि नवीन काही टाळा. ताप असेल, सकाळची नाडी नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल किंवा लघवी गडद चहासारखी होत असेल, तर शर्यत सोडा. शेवटचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. नुसत्या जड मांड्या असतील तर उतरा.

शर्यतीत सगळे सुरुवातीला जीव तोडून सुटतात, कारण वाट अरुंद असते आणि पुढे जायला जागा नसते. वरच्या गटात पुरुषांची शर्यत तासाभराची असते, तिथे त्या सुटण्याला अर्थ आहे. आपल्या तीस-चाळीस मिनिटांत, दमल्या पायांनी, ते करू नका असं माझं ठाम मत. पहिली फेरी मागून करा. छातीवरच्या पट्ट्याचे आकडे बघू नका, दमलेल्या अंगात नाडी वर चढतच नाही आणि आपल्याला उगाच वाटतं की अजून वाव आहे. श्वासावर चला. फळ्यांपाशी वेग कमी करा, थांबल्यासारखं उतरा, पाय मुद्दाम उंच उचला. तिथे तीन सेकंद गेले तरी हरकत नाही.

टायरची हवा कमी ठेवा. ३३ मिलिमीटरचं ट्यूबलेस आणि ६८ किलो वजनाला मी पुढे २५, मागे २७ पीएसआय ठेवतो. ट्यूब असेल तर एवढी कमी नको, दगडावर चिमटून पंक्चर होते. खानापूरकडच्या तांबड्या मातीत हे छान चालतं. शर्यत शहराच्या पूर्वेला काळ्या रानात असेल आणि आदल्या रात्री पाऊस पडला, तर चाक आणि चिमट्याच्या मधे माती थापली जाते आणि चाक फिरेनासं होतं. तिथे आधीच उतरून, सायकल उचलून, कडेच्या गवतातून चाला. ढकलत नेलीत तर आणखी माती भरते.

आणि मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर सायकलला जोडणारा छोटा तुकडा, एक जादा जवळ ठेवा. माझा त्या पडण्यात वाकला. इथे दुकानात मिळाला नाही, पुण्याहून मागवावा लागला.

शर्यत कुठल्या बाजूला आहे ते लिहा, मातीचं आणखी सांगता येईल.