रॅम विकत घेण्याआधी लॅपटॉपचं झाकण उघडा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : २०१८ चा लॅपटॉप, आय५-८२५०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. लेक बीएस्सीला आहे, मीटिंग चालू असताना ब्राउझर उघडला की सगळं गोठतं. दुकानदार म्हणतो, १६ जीबी ३२०० ची रॅम टाका, लॅपटॉप नव्यासारखा होईल. टाकावी का?

रॅम वाढवा, नक्की वाढवा. पण १६ जीबीची आत्ता गरज नाही, ३२०० चा वेग तुमच्या लॅपटॉपला मिळणार नाही, आणि नुसत्या रॅमने तो नव्यासारखा होणारही नाही. एकेक करून सांगतो.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू. लेकीला तिचं रोजचं काम नेहमीसारखं उघडायला सांगा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर अडकलेली दिसेल, आणि माझा अंदाज आहे की डिस्कही १०० टक्क्यांवर असेल. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा. ती भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. फिरणारी हार्ड डिस्क या हेलपाट्यांना फार मंद असते. म्हणून तुम्हाला वाटतं मशीन गोठलं, प्रत्यक्षात ते डिस्कची वाट बघत असतं. रॅम वाढवली की हे हेलपाटे थांबतात, पण लॅपटॉप सुरू व्हायला आणि प्रोग्रॅम उघडायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो, कारण तिथे डिस्कच वाचावी लागते. १६ जीबीचे पैसे हाताशी असतील तर त्यात ८ जीबीची एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, घ्या आणि उरलेले पैसे एसएसडीकडे (फिरणारा भाग नसलेली, खूप वेगवान डिस्क) वळवा. माझ्या हाताखालून या पिढीचे बरेच लॅपटॉप गेले आहेत. ८ जीबी जोडून एसएसडी बसवलेला लॅपटॉप नुसत्या १६ जीबी आणि हार्ड डिस्कवाल्यापेक्षा वापरायला कितीतरी हलका वाटतो.

आता आत काय आहे ते. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली वेग, किती स्लॉट वापरात आहेत आणि ‘फॉर्म फॅक्टर’ हे लिहिलेलं असतं. तिथे ‘एसओडिम’ असेल तर काढता-घालता येणारी स्टिक आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली आहे. पण यावर पूर्ण विसंबू नका. सोल्डर केलेली रॅमही विंडोज कधीकधी एक स्लॉट म्हणून मोजतं आणि ‘दोनपैकी एक’ असं दाखवतं. त्या काळात ४ जीबी बोर्डवर सोल्डर आणि शेजारी एक रिकामा स्लॉट अशी मॉडेलं बरीच निघाली, दोन स्लॉटवालीही होती, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये स्लॉटच नव्हता. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर शोधा. डेल, एचपी, लेनोवो या तिघांचीही मिळतात आणि कोणता स्क्रू कुठे आहे ते चित्रासकट दाखवलेलं असतं. नाहीतर सरळ मागचं झाकण उघडून बघा.

माझ्या आग्रहाचं कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी भावाच्या लॅपटॉपसाठी मी ‘डीडीआर३’ ही रॅमची पिढी एवढीच बघून स्टिक आणली. स्लॉटमध्ये ती बिनबोभाट बसली. बटण दाबलं तर दिवा लागला, स्क्रीन काळी. पुन्हा पुन्हा केलं, तेच. मदरबोर्ड गेला या धास्तीत रात्र काढली. त्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागत होती आणि मी १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ आणली होती. दोन्हींना २०४ पिना, खाच एकाच जागी, त्यामुळे चुकीची असूनही ती आत गेली. जुनी स्टिक परत लावल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण पाकीट फोडलेलं म्हणून दुकानदाराने ती परत घेतली नाही. ते पैसे बुडाले. तेव्हापासून जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असल्याशिवाय मी दुकानात जात नाही.

तुमच्या प्रोसेसरला डीडीआर४ लागते, २६० पिनांची, १.२ व्होल्टची. डीडीआर३ किंवा डीडीआर५ तिथे बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. लेबलवर ‘पीसी४-२४००’ किंवा ‘पीसी४-१९२००’ असं काही दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही एकच. २४०० ला ८ ने गुणलं की १९२०० येतात. हा प्रोसेसर २४०० च्या वर जात नाही. ३२०० ची स्टिक लावली तर ती मुकाट्याने २४०० वर चालेल. नुकसान काही नाही, दुकानात तीच स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या, पण वेगाच्या नावाखाली जादा पैसे देऊ नका.

जुनी ४ जीबी काढून टाकायची गरज नाही. ४ आणि ८ एकत्र चालतात. त्यातली चार-चार जीबी दोन चॅनेलमधून (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटांमधून) जोडीने चालते आणि वरची ४ एकाच चॅनेलमधून. तुमच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर डिस्प्लेचं कामही याच रॅममधून होतं, त्यामुळे दुसरं चॅनेल चालू झाल्याचा फायदा व्हिडिओ मीटिंगमध्येही जाणवू शकेल. १२ जीबी लेकीच्या अभ्यासाला पुष्कळ झाली. पुढे गरज पडलीच आणि दोन स्लॉट असतील, तर ४ च्या जागी अजून एक ८ ची घालता येईल.

किमतींबद्दल : २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे मेमरी सगळीकडे झपाट्याने महाग झाली. जुन्या लेखांतले भाव धरून दुकानदाराशी वाद घालू नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर निदान तीन दुकानांत विचारा, सीलबंद पाकीट घ्या, आणि पक्क्या बिलावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या. त्याशिवाय वॉरंटी मागायला गेलात तर अडचण येते. चांगल्या कंपनीची वापरलेली डीडीआर४ स्टिकही मी बिनधास्त घेतो, रॅम सहसा वापराने झिजत नाही. फक्त दुकानातच लावून, चालू करून दाखवायला सांगा.

बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आतल्या बॅटरीची पिन काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हात नळासारख्या धातूच्या वस्तूला लावून घ्या म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. स्टिक तिरकी धरून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा, मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, घाईने बटण दाबू नका. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी दिसते का बघा आणि रात्री झोपताना मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. सकाळी एकही चूक दाखवली तरी स्टिक लगेच बदलून घ्या. सदोष रॅमचा लॅपटॉप दिवसभर नीट चालून नेमका प्रोजेक्टची फाइल सेव्ह करताना दगा देतो.

एक राहिलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे, म्हणून या मशीनवर खर्च करणं मला पटतं. एसएसडी बसवाल त्याच दिवशी विंडोज ११ नव्याने टाकून घ्या, आणि त्याआधी लेकीचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.