वाचकांचे प्रश्न : नागपुरात राहून अ‍ॅनिमेच्या इंग्रजी डबिंगमध्ये काम मिळेल का?

प्रश्न : माझी मुलगी नागपूरच्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जपानी अ‍ॅनिमे मालिकांच्या इंग्रजी आवृत्तीला आवाज देण्याचे काम करायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे. तिचा आवाज गोड आहे आणि इंग्रजीही स्वच्छ आहे. घरातल्या एका खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करून दिली, तर इथूनच हे काम मिळेल का? त्यावर पोट भरते का? – एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : घरच्या खोलीतून हे काम मिळण्याची शक्यता जवळपास नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अ‍ॅनिमेचे इंग्रजी डबिंग मुख्यतः अमेरिकेत, टेक्सासमधील डॅलसच्या परिसरात आणि लॉस एंजेलिसमध्ये होते. ‘ड्रॅगन बॉल झी’ या गाजलेल्या अ‍ॅनिमे मालिकेचे सुरुवातीचे इंग्रजी भाग कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये ध्वनिमुद्रित झाले, १९९९पासून फ्युनिमेशन या कंपनीने ते काम टेक्सासमध्ये आणले आणि तिथल्या स्थानिक कलाकारांना संधी मिळाली. पुढे ही कंपनी सोनीकडे गेली आणि आज क्रंचीरोल या नावाने चालते. २०२०च्या साथीत कलाकारांनी घरून ध्वनिमुद्रण केले खरे, पण २०२२मध्ये क्रंचीरोलने डॅलसच्या स्टुडिओत प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाकडे परतण्याचे धोरण जाहीर केले. त्याखेरीज परदेशी व्यक्तीला तिथे काम करण्याचा परवाना लागतो, तो वेगळाच.

आता आवाजाविषयी. गोड आवाज ही या व्यवसायातली सर्वांत कमी दुर्मीळ गोष्ट आहे. (आवाज ऐकवून काम मागणाऱ्या बहुतेकांचा आवाज चांगलाच असतो.) चित्र आधीच पूर्ण झालेले असल्यामुळे पात्राचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्यातच वाक्य बसवावे लागते, आणि ते बसवूनही त्यातला राग किंवा संकोच खरा वाटावा लागतो. कानात तीन बीप वाजतात आणि चौथी जिथे वाजायला हवी त्या क्षणी बोलायला सुरुवात करायची असते. समोर सहकलाकार बहुधा नसतोच; काचेपलीकडून दिग्दर्शक प्रसंग समजावून सांगतो आणि काही मिनिटांपूर्वी वाचलेल्या संवादावर अभिनय उभा करावा लागतो. मारामारीच्या प्रसंगांतील आरोळ्या घशावर फार ताण आणतात, म्हणून त्या शक्यतो सत्राच्या शेवटी घेतल्या जातात. ‘ड्रॅगन बॉल झी’चा नायक गोकू याला इंग्रजी आवाज देणारे शॉन शेमेल एका आरोळीच्या वेळी बेशुद्ध पडल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

उत्पन्नाचे म्हणाल तर मोबदला सहसा ध्वनिमुद्रणाच्या तासांवर मिळतो. मालिका जगभर गाजली तरी कलाकाराला त्यातला वाटा क्वचितच मिळतो. म्हणूनच तिथले कलाकार व्हिडिओ गेम, जाहिराती आणि श्राव्य पुस्तके असे सगळे मिळून चरितार्थ चालवतात. भूमिका कायम राहील याचीही शाश्वती नसते. ‘पोकेमॉन’मधील अ‍ॅशचा इंग्रजी आवाज व्हेरॉनिका टेलर यांचा होता, परंतु २००६मध्ये निर्मिती दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि त्यांच्यासह बहुतेक कलाकार बदलले गेले. ‘मॉब सायको १००’च्या नायकाचा आवाज असलेले काइल मॅकार्ली यांनी पुढील कामांच्या कराराबाबत क्रंचीरोलने कलाकार संघटनेशी चर्चा करावी, असा आग्रह धरला, ते जमले नाही आणि २०२२च्या तिसऱ्या हंगामात त्या भूमिकेला दुसरा आवाज मिळाला.

तरीही मुलीला नाउमेद करू नये, असे माझे मत आहे; फक्त तिचे लक्ष्य जवळ आणावे. अ‍ॅनिमे आता हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही डब होते आणि हिंदी डबिंगचे मोठे केंद्र मुंबई आहे. नागपूरचे तरुण हिंदी सहज बोलतात, पण त्या हिंदीचा वैदर्भीय हेल डबिंगमध्ये लगेच कानाला लागतो, त्यामुळे उच्चारांवर मेहनत घ्यावी लागेल. महागडा मायक्रोफोन घेण्याआधी तिला एखाद्या नाट्यसंस्थेत पाठवा. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत संवादफेक, श्वास आणि दुसऱ्याच्या वाक्यावर प्रतिक्रिया देणे शिकायला मिळते, तेवढे कोणत्याही पंधरा दिवसांच्या ‘व्हॉइस ओव्हर’ वर्गात मिळत नाही. पदवी पूर्ण होईपर्यंत आकाशवाणीच्या नागपूर केंद्राची नाट्यविभागातील ध्वनिचाचणी निघते का, यावर लक्ष ठेवावे. नमुना ध्वनिफीत मात्र मिनिट-दीड मिनिटाचीच असावी, आणि त्यात प्रसिद्ध पात्रांच्या नकला नसाव्यात, कारण निवड करणाऱ्याला तिचा स्वतःचा अभिनय ऐकायचा असतो.