टाळेबंदीत हौशी वादक-गायकांनी उमेद कशी टिकवली?

तुम्ही लिहिलंय की टाळेबंदीत तुमच्या गटाचं दर आठवड्याचं वाजवणं बंद पडलं, वाद्य पेटीत गेलं ते गेलंच, मग बाकीच्या हौशी मंडळींनी त्या दिवसांत उमेद टिकवली तरी कशी? मी व्हायोलिन वाजवते. पोटापाण्याचं काम वेगळं, वाजवणं निव्वळ आवडीचं. २०२० साली कोविडच्या साथीत आमचा गटही असाच एकाएकी थांबला. त्यातले काही जण टिकले, काहींचं वाद्य सुटलं. हा फरक कशानं पडला यावर मी पुष्कळ विचार केलाय आणि माझं उत्तर एकच आहे: ज्याचं वाजवणं ऐकायला ठरलेल्या वेळी कुणीतरी थांबलेलं होतं, तो टिकला. जिद्द, शिस्त, मोकळा वेळ हे सगळं त्याच्या मागून येतं.

व्यावसायिक कलाकारांचं नुकसान उघड होतं. कार्यक्रम रद्द, मिळकत बंद. ते दुःख फार मोठं, त्याच्याशी बरोबरी करायची नाही. पण हौशी माणसाचं काय गेलं हे कुणाला दिसतच नव्हतं, म्हणून कुणी विचारपूसही केली नाही. बुधवारी सगळे जमणार म्हणून आपण मंगळवारी तासभर बसतो. बुधवार गेला की मंगळवारही जातो. घरात वेळच वेळ होता, तरी हात वाद्याकडे वळत नव्हता, असं त्या काळात मी कितीतरी जणांकडून ऐकलं. प्रत्येकाला वाटायचं, आपणच आळशी. तो आळस नव्हता हो. वाजवायला कारण उरलं नव्हतं.

याच काळात ज्यांनी नव्यानं वाद्य हातात घेतलं, ते मात्र मजेत होते. तेव्हा गिटारी धडाधड खपल्या. फेंडर कंपनीनं आपले ऑनलाइन धडे नव्या लोकांना तीन महिने फुकट दिले होते. नवशिक्याला रोज काहीतरी नवीन जमतं आणि त्याचा कुठला गट मोडलेला नसतो. आपल्यासारख्या जुन्या हौशी लोकांची प्रगती केसाकेसानं होते, ती एकट्याला जाणवत नाही. ‘आज मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) बरी आली हं’ असं शेजारी बसलेला म्हणतो तेव्हा कळते.

गाणाऱ्यांची अवस्था आणखी बिकट. १० मार्च २०२० ला अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन गावी, स्कॅगिट व्हॅली कोराल नावाच्या हौशी गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हस्तांदोलनं टाळली होती, दाराशी सॅनिटायझर होता. ६१ जण आले होते, त्यांतले ५३ आजारी पडले (३३ जणांचं निदान चाचणीनं पक्कं झालं, बाकीचे संभाव्य) आणि दोघं दगावले. ही बातमी जगभर गेली आणि गाणं हीच धोक्याची गोष्ट होऊन बसली. आमच्या गटातल्या गायिकेच्या घरी वयस्कर माणसं. ती खोलीचं दार लावूनसुद्धा मोकळ्या आवाजात गाईना. भीती गळ्यात बसली होती, तिला ‘सकारात्मक राहा’ सांगून काय होणार?

तिला सावरलं खर्जानं. पहाटे खालच्या सुरांत हलका आवाज लावून बसायचं. त्याला साथ लागत नाही, जागा लागत नाही, श्वासही जोरानं फेकावा लागत नाही. पण तेही एकटीनं नाही. तिची एक मैत्रीण दुसऱ्या गावी खर्ज भरायची. दोघी फोन जोडायच्या, फोनचा आवाज बंद ठेवायच्या, आपापला सूर लावून बसायच्या आणि शेवटी दहा मिनिटं गप्पा मारायच्या. एकमेकींचं काही ऐकूच येत नव्हतं. तरी समोर ती बसलीय म्हणून ही बसायची.

आता एकत्र वाजवण्याबद्दल. सुरुवातीला सगळ्यांनीच व्हिडिओ कॉलवर वाजवून पाहिलं आणि सगळ्यांचाच विरस झाला. यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे दोष स्वतःच्या लयीला देणार नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दोन वादक दहा मीटर लांब बसले तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला जवळपास २९ मिलिसेकंद लागतात. लय धरून वाजवायची तर ही साधारण शेवटची हद्द. त्यापुढे मी तुमच्यासाठी थांबते, तुम्ही माझ्यासाठी थांबता आणि ठेका मागे मागे ओढला जातो. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. तिथं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, भेटणं शक्यच नाही, वादक कितीही तयारीचा असो. शिवाय ही सॉफ्टवेअरं बोलण्यासाठी बनलेली. एकसारखा चालणारा आवाज त्यांना पंख्याची घरघर वाटते, म्हणून तानपुरा गिळून टाकतात, लांब ओढलेला गजाचा सूर मध्येच विझवतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की हे दुसरं दुखणं बरंचसं जातं. पहिल्यावर सेटिंगमध्ये औषध नाही.

त्यासाठी इंटरनेटवरून एकत्र वाजवायची वेगळी सॉफ्टवेअरं आहेत, आणि बरीच आधीपासून आहेत. जॅमुलस २००६ पासूनचं, जॅकट्रिप स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगांतून आलेलं, सोनोबस ऐन २०२० मधलं. पण वायफाय चालत नाही, केबल लागते. ब्लूटूथचे हेडफोन स्वतःच उशीर लावतात, तेही बाद. आणि माणसं फार लांब असून भागत नाही. इंटरनेट ज्यातून जातं त्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे हजार किलोमीटरला नुसत्या प्रवासातच पाच मिलिसेकंद गेले, वाटेतल्या यंत्रांचा वेळ वेगळा. जवळपास राहणाऱ्या काहींनी हे छान जमवलं. पहिल्यांदा दोघं खरोखर एका लयीत वाजले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, असं सांगणारे मला भेटलेत. पण गटात असल्या खटपटीची मनापासून आवड असलेलं एक तरी माणूस हवं. नसेल तर सगळी संध्याकाळ ‘आता येतंय का ऐकू?’ यातच जाते आणि पुढच्या वेळी निम्मे लोक येत नाहीत.

आम्हाला तगवलं ते एकामागून एक रेकॉर्ड करत जाण्यानं. हे जरा नीट सांगते, कारण याचा फायदा तुम्हाला आजही होईल.

सुरुवात पेटीवाल्यानं, म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्यानं, केली. आमच्या तबलजीला एकट्यानं वाजवायचा कंटाळा यायचा, म्हणून पेटीवाल्यानं त्याच्यासाठी तीनतालाचा लेहरा (तबल्याला साथ म्हणून पुन्हा पुन्हा वाजवायची धून) तीन लयींत भरून पाठवला. मोबाइलवर तयार लेहरे मिळतात, पण हा आपल्या माणसानं वाजवलेला होता, मधे त्याचं खाकरणंही ऐकू यायचं. तबलजी रोज बसायला लागला. मग आम्ही क्रम ठरवला. आधी तबला, त्याच्या सुरुवातीला एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) नुसत्या टाळ्या, म्हणजे पुढच्याला कुठून उचलायचं ते कळतं. त्यावर पेटी, मग व्हायोलिन, शेवटी गाणं. लय आधी पक्की झाली की पुढचं जमतं, उलट केलं की काहीच जुळत नाही. सुराची एक अडचण पहिल्याच वेळी आली. गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, पण आमची पेटी जुनी, तिचा सा मोबाइलच्या तानपुऱ्याशी तंतोतंत मिळेना. पेटीचा सा काही आपल्याला हलवता येत नाही. म्हणून पेटीवाल्यानं नुसता सा आणि प मिनिटभर भरून पाठवला आणि बाकी सगळ्यांनी त्यावरच वाद्य लावायचं ठरलं.

हेडफोन एकाच कानाला लावायचा, दुसऱ्या कानानं आपलं वाद्य ऐकायचं. फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवायचा, वाद्यापासून हातभर लांब. मागे कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं तर खोलीचा घुमारा कमी होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: दोनदाच रेकॉर्ड करायचं, त्यातलं बरं निवडायचं आणि शनिवारी रात्रीपर्यंत पुढच्याकडे पाठवायचं. हा नियम नसता तर आम्ही कुणीच टिकलो नसतो. एकटं रेकॉर्ड करायला बसलं की माणूस चुका शोधत पुन्हा पुन्हा तेच वाजवतो आणि शेवटी वैतागून काहीच पाठवत नाही. तिकडे शनिवारी कुणीतरी आपल्या तुकड्याची वाट बघतंय, एवढ्यावर गाडी चालायची.

आपला आवाज असा उघडा ऐकणं सोपं नसतं, हेही सांगायला हवं. एरिक व्हिटाकर या संगीतकारानं २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांचे घरी केलेले व्हिडिओ जोडून एक वृंद उभा केला होता. २०२० च्या टाळेबंदीत त्याच्या तशाच उपक्रमात १२९ देशांतले १७,५७२ जण सामील झाले. तो आकडा वाचून मला आधी त्या प्रत्येकाची खोली आठवते. कानात दुसऱ्यांचं गाणं आणि खोलीत मात्र स्वतःचा एकटा, कुणी न झाकलेला आवाज. गटात आपलं थोडंफार इकडेतिकडे झालेलं पोटात घातलं जातं. रेकॉर्डिंगमध्ये ते सगळं बाहेर येतं, आणि माझ्या ओळखीच्या दोघांनी नेमक्या याच धक्क्यानं गाणं थांबवलं. म्हणून माझा आग्रह आहे, आपलं रेकॉर्डिंग त्याच दिवशी चिकित्सा करत ऐकू नका. पाठवून द्या. सगळ्यांचं जुळून आलं की मगच ऐका, तेव्हा ते वेगळंच वाटतं.

आमच्यात एक काका आहेत, पूर्वी सतार वाजवायचे, आता हात चालत नाहीत. स्मार्टफोन त्यांना नको. त्यांच्यासाठी मी लँडलाइनवर वाजवायचे, फोन स्टँडला टेकवून. जुन्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. व्हायोलिनची जाड तार तिकडे पातळ होऊन पोचते, वरची चमक तर पोचतच नाही. सुराचं हे असं होणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते लयच ऐकत. संपलं की कौतुक वगैरे नाही, थेट ‘दुसऱ्या आवर्तनात धावलीस’. मी पुन्हा वाजवून बघायचे आणि खरंच धावलेली असायचे. त्या एका वाक्यासाठी मी आधीचे दोन-तीन दिवस रियाज करायचे. इटलीत मार्च २०२० मध्ये लोक बाल्कन्यांत येऊन गायले, वाजवले, ते सुंदरच होतं आणि त्या भयाण दिवसांत तेवढाही आवाज हवा होता. पण टाळ्या वाजवणाऱ्या रस्त्यापेक्षा कान देऊन ऐकणारं एक माणूस जास्त दिवस पुरतं.

आणि ज्यांना वाजवणं शक्यच नव्हतं, त्यांचं काय? आमच्या बासरीवाल्याच्या घरात त्या साथीत मृत्यू झाला. त्याला आम्ही ‘वाजव, बरं वाटेल’ असं कधीही म्हटलं नाही, आणि तुम्हीही कुणाला म्हणू नका. दुःखातल्या माणसावर संगीताची सक्ती करू नये. आम्ही एवढंच केलं की प्रत्येक चीज बसवताना त्याची जागा ठेवली. एक आख्खं आवर्तन मोकळं, नुसता ठेका चालू. तयार झालेलं त्यालाही पाठवत होतो, उत्तराची अपेक्षा न ठेवता. बऱ्याच महिन्यांनी त्याच्याकडून एक फाइल आली. आवर्तनातल्या पहिल्या आठ मात्रा भरलेल्या, पुढच्या तशाच. आम्ही ती तशीच जोडली.

आता तुमच्या पेटीतल्या वाद्याकडे येते. कोणतं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. तंतुवाद्य असेल तर एकदम स्वरात ओढू नका. आधी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरळ उभी आहे का पाहा, जुन्या तारा बदला आणि चढवताना एक-दोन दिवसांत हळूहळू चढवा. बोटांची टोकं मऊ पडलेली असतील, त्यामुळे सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. दुखायला लागायच्या आत थांबा. शेजाऱ्यांचा संकोच वाटत असेल तर व्हायोलिनला रबराचं प्रॅक्टिस म्यूट मिळतं, ड्रमला पॅड मिळतात.

जुन्या गटाला मात्र ‘पुन्हा सुरू करूया का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो हो, नक्की’ म्हणतील आणि विषय तिथंच राहील. त्यांतलं एकच माणूस निवडा, ज्याच्या कानावर तुमचा भरवसा आहे असं. त्याला लिहा, ‘शनिवारी रात्री एक मिनिटाचं काहीतरी वाजवून पाठवणार आहे, ऐकून लय कशी वाटली ते सांगशील का?’ वार आणि वेळ आधी सांगून टाका. आणि त्यासाठी जुनी, हाताला बसलेली चीजच घ्या, नवं बसवायचं पुढच्या शनिवारी बघता येईल.